आईवर बोट ठेवण्याआधी

नागपूर

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचे दुसरे प्रकरण वाचले आणि ‘मॅडम, विषयच बदलू का?’ ही शेवटची ओळही वाचली. बदलू नकोस. तैवानमध्ये व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि चीनमधून लग्न होऊन आलेल्या बायकांच्या मुलांना शाळेत गुण कमी का, याचे उत्तर तू आधीच ठरवून टाकलेस की आईजवळ सांस्कृतिक भांडवल, म्हणजे शाळेत उपयोगी पडणाऱ्या सवयी, पुस्तके, पदव्या, कमी. आता आकडे साथ देत नाहीत म्हणून तू बावरली आहेस, आणि मला मात्र त्याचाच आनंद झाला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९८६ च्या निबंधात या भांडवलाची तीन रूपे सांगितली: अंगी मुरलेले, वस्तुरूप आणि पदवी-प्रमाणपत्रांचे. तुझ्या प्रश्नावलीत घरातली पुस्तके, संगणक आणि आईची पदवी एवढेच उरले. त्यांचा रोख होता शाळेवर, जी एका वर्गाच्या सवयींनाच गुणवत्ता म्हणते. म्हणून घरात काय नाही हे मोजण्याआधी शाळा काय मोजत नाही ते बघ.

२००३ साली तैवानमधल्या जवळपास दर तीन लग्नांत एक लग्न परदेशी किंवा चिनी जोडीदाराशी झाले. त्यांतली बरीच दलालांमार्फत जुळलेली, आणि नवरा अनेकदा कमी शिकलेला, कष्टकरी. मग गुणांतली तूट आईच्या परकेपणाची की बापाच्या मिळकतीची? हे वेगळे न काढता लिहिणे हा आळस आहे. २०१९ पासून तिथल्या प्राथमिक शाळांत आग्नेय आशियातील सात भाषा निवडता येतात. आई तीच, तिची भाषाही तीच, फक्त शाळेने ती वेळापत्रकात घेतली. यावर तुझ्या प्रकरणात एक ओळही नाही!

मी शिकवत होते तेव्हा ओडिशाहून लग्न होऊन आलेली एक आई इथल्या कळमना बाजारात मिरच्या निवडायला जाई. मुलाच्या डायरीत लाल शाईने ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असा शेरा येई. तिला मराठी वाचता येत नसल्याने ती तो मुलाकडूनच वाचून घेई, आणि पोरगा बिनदिक्कत ‘उद्या सुट्टी आहे’ असे वाचून दाखवी. तीच बाई रोज संध्याकाळी त्याच्याकडून ओडियातून पाढे म्हणून घेत असे. शिक्षक-खोलीत मात्र निकाल लागलेला होता: घरी वातावरण नाही. पालक सभेत मी तिच्याशेजारी ओडिया जाणणारी एक बाई बसवली, तेव्हा सभा लांबते अशी तक्रार वरपर्यंत गेली आणि पुढे मुख्याध्यापिकेची खुर्ची मला मिळाली नाही. खंत आहे, नाही म्हणत नाही. पण खुर्चीसाठी त्या बाईला उठवले असते, तर तुला हे कोणत्या तोंडाने लिहिले असते? मी बरोबरच होते.

तेव्हा पुन्हा तेच: शाळा काय मोजत नाही? शिक्षकांसाठी वेगळी प्रश्नावली कर. पालकांना निरोप कोणत्या भाषेत जातो, सभा कामाच्या वेळी ठेवतात का, आईची भाषा वर्गात कुणी कधी ऐकली का, हे त्यात असू दे. सोमवारी कच्चा आराखडा घेऊन ये, आणि येताना रडवेले तोंड घरी ठेव.

तुझी,
मॅडम