सुरुंग काढण्याचं राष्ट्रीय मानक लिहायला बसतोस, तर

भाऊ, 'आयमास' (IMAS) म्हणजे सुरुंग काढण्याच्या कामाची २००१ पासूनची आंतरराष्ट्रीय मानकं. ती नमुना आहेत, कायदा नाहीत. मुखपृष्ठावर देशाचं नाव बदललं की मानक झालं, असं समजू नको.

सगळ्यात जास्त वेळ क्रियापदांवर घाल. मूळ मजकुरात तीन पायऱ्या आहेत: 'केलंच पाहिजे', 'करावं', 'करता येईल'. भाषांतरात तिन्हींचं सरसकट 'करावे' झालं, की तपासणीत कोणालाच धरता येत नाही. हे तीन शब्द आधी पक्के कर, बाकी मजकूर मग.

दुसरा घोळ खोलीचा, म्हणजे जमीन किती खोलवर साफ करायची याचा. १३० मिलिमीटर हा जुना आकडा धातुशोधकाच्या पल्ल्यावरून आला, डोळे झाकून उचलू नको. आपल्याकडची काळी माती आठव: उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तसल्या जमिनीत गाडलेली वस्तू जागेवर राहील याचा भरवसा नाही. तांत्रिक सर्वेक्षणात, म्हणजे जागेवर उपकरणं लावून केलेल्या तपासणीत, काय किती खोल सापडलं ते बघून खोली ठरवायची, अन् ती बदलायचा अधिकार कोणाचा तेही लिहायचं. नांगर किती खोल जातो, तिथं विहीर खणायची का, हे शेतकऱ्यालाच विचारायचं.

ताबा देताना तीन प्रकारची जमीन वेगळी दाखव: चौकशीतून वगळलेली, तांत्रिक सर्वेक्षणानं कमी केलेली, प्रत्यक्ष साफ केलेली. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वेगळा दाखवतात, तसंच आहे. एकात एक मिसळलं की भांडण.

गडचिरोलीतले भूसुरुंग मात्र यात ओढू नको. तो सुरक्षा दलांच्या कारवाईचा विषय. ही मानकं मानवतावादी कामासाठी आहेत.