प्रायमर खरेच खराब झाले आहेत का, हे आधी तपासावे

आपल्या प्रश्नाचा सारांश मी असा समजतो: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पीसीआरसाठी (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढण्यासाठी) २७एफ आणि १४९२आर ही जिवाणूंच्या १६एस जनुकाची प्रायमरजोडी (प्रत काढणे जेथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) गेली तीन वर्षे वापरात आहे, पावसाळ्यात दीड दिवस वीज नव्हती, त्यात फ्रीझरमधले सगळे वितळले आणि तेव्हापासून जेलवर बँड (तयार झालेल्या डीएनएचा पट्टा) येत नाही, नॅनोड्रॉपवर (प्रकाशाच्या शोषणावरून तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) प्रायमरची तीव्रता पूर्वीइतकीच दिसते, आणि नवे मागवायचे तर मंजुरीपासून पुरवठ्यापर्यंत दोन महिने जातील.

दीड दिवस खोलीच्या तापमानाला राहिल्यामुळे प्रायमर निकामी होणे ही सहसा घडणारी गोष्ट नाही. कोरडे प्रायमर कुरिअरने बर्फाशिवायच आपल्यापर्यंत येतात, आणि टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीए यांच्या द्रावणात) विरघळवलेले प्रायमर साध्या फ्रिजमध्येही कित्येक आठवडे टिकतात. वीज गेल्यावर आधी संशय घ्यावा तो डीएनटीपींवर (डीएनए घडवणाऱ्या सुट्या घटकांवर), कारण वारंवार वितळणे आणि गोठणे त्यांना सोसत नाही आणि त्यांचे ट्रायफॉस्फेट हळूहळू तुटत जाते. त्यानंतर दहापट तीव्रतेचा बफर आणि मॅग्नेशियम क्लोराइड पाहावे; वितळल्यावर या नळ्या नीट व्होर्टेक्स केल्या (यंत्रावर घुसळल्या) नाहीत, तर वरचा थर पातळ राहतो आणि अभिक्रियेत मॅग्नेशियम कमी पडते. हे निस्तरायला पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात येथूनच करावी.

नॅनोड्रॉपच्या आकड्यावर मात्र या बाबतीत अजिबात विसंबू नये. २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात ते बेस, आणि साखळी तुटली तरी बेस द्रावणातच राहतात. उलट तुकडे झाल्यावर शोषण थोडे वाढते. त्यामुळे पूर्ण तुटलेला प्रायमरही तेथे उत्तम तीव्रतेचा दिसू शकतो.

प्रायमर खरोखर खराब होतात ते प्रामुख्याने दोन कारणांनी. पहिले कारण पाणी. ऊर्ध्वपातित पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, आणि आम्लात प्युरीन बेस गळून त्या जागी साखळी तुटण्याची शक्यता वाढते. दुसरे कारण न्यूक्लिएझ, जे बोटांवरून, टिपांवरून किंवा पाण्यातून नळीत शिरते. डीएनए तोडणाऱ्या बहुतेक न्यूक्लिएझना मॅग्नेशियमसारखे आयन लागतात, आणि ईडीटीए तेच बांधून ठेवतो. म्हणून १० मिलिमोलर ट्रिस, ०.१ मिलिमोलर ईडीटीए आणि सामू ८ असा कमी ईडीटीएचा टीई प्रायमरसाठी सर्वांत सोयीचा; त्यातला ईडीटीए अभिक्रियेत इतका विरळ होतो की टॅकला (प्रती काढणाऱ्या एन्झाइमला) मॅग्नेशियमची उणीव भासत नाही. आपले प्रायमर पाण्यात असतील तर शंकेला आधार आहे. टीईमध्ये असतील तर फारच थोडा. तेव्हा १०० मायक्रोमोलरच्या मूळ साठ्यातून ताज्या टीईमध्ये १० मायक्रोमोलरचे नवे द्रावण करून एकदा पाहावे, कारण रोज उघडली जाते आणि बिघडते ती बहुधा वापरातली नळी.

एवढ्याने बँड आला नाही, तर अदलाबदलीची चाचणी करावी. टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए) म्हणून मातीतून काढलेला डीएनए घेऊ नये, कारण त्यातील ह्युमिक आम्ल पीसीआर अडवते आणि दोष प्रायमरच्या माथी येतो. ई. कोलायच्या ताज्या वसाहतीचा टाचणीच्या डोक्याएवढा अंश ५० मायक्रोलिटर पाण्यात १० मिनिटे उकळून, स्पिन करून, वरचे १ मायक्रोलिटर घ्यावे. शेजारच्या विभागातून किंवा विद्यापीठातून ५१८आर आणि ७८५एफ हे त्याच जनुकाच्या मधल्या भागाचे प्रायमर काही मायक्रोलिटर उसने मिळाले तर फारच उत्तम. २७एफ आणि ५१८आर यांचा सुमारे ५०० बेसजोड्यांचा बँड आला, तर आपला २७एफ शाबूत आहे. ७८५एफ आणि १४९२आर यांचा सुमारे ७०० चा बँड आला, तर १४९२आरही शाबूत आहे. दोन्ही आले आणि तरीही १५०० चा पूर्ण तुकडा येत नसेल, तर डीएनटीपी, एक्स्टेन्शनचा (साखळी वाढण्याच्या टप्प्याचा) वेळ आणि टेम्प्लेटची अखंडता तपासावी. दोन्ही जोड्या चालल्या नाहीत, तर एवढ्यावरून आपल्या प्रायमरवर ठपका ठेवता येत नाही; दोष इतर घटकांतही असू शकतो. निगेटिव्ह कंट्रोल (टेम्प्लेट न घातलेली अभिक्रिया) प्रत्येक वेळी लावावा. १६एसमध्ये त्यात फिकट बँड दिसला तर तो संसर्ग आहे, प्रायमर खराब झाल्याचे लक्षण नव्हे, आणि पुष्कळदा जिवाणूंचा तो डीएनए टॅक एन्झाइमच्या तयारीतूनच आलेला असतो.

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचे असेल तर ७ मोलर युरिया घातलेले २० टक्के ॲक्रिलामाइड जेल चालवावे. १०० मायक्रोमोलर साठ्यातील ५ मायक्रोलिटर, म्हणजे २० बेसच्या प्रायमरचे साधारण ३ मायक्रोग्रॅम, फॉर्मामाइडमध्ये मिसळून दोन मिनिटे ९५ अंशांवर तापवून भरावे. रंग मात्र शेजारच्या मोकळ्या लेनमध्ये घालावेत, नाहीतर त्यांचीच सावली फसवते. या जेलमध्ये ब्रोमोफिनॉल ब्लू सुमारे ८ बेसच्या आणि झायलिन सायनॉल सुमारे २८ बेसच्या जागी धावतो, म्हणजे आपला प्रायमर दोहोंच्या मधोमध हवा. महागडा रंजक लागत नाही. रसायनशास्त्र विभागातून टीएलसीची (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची) एफ२५४ खुणेची चकाकणारी पट्टी आणावी, जेल पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळून तिच्यावर ठेवावे आणि वरून २५४ नॅनोमीटरचा हातदिवा धरावा. हिरव्या उजेडात डीएनए असेल तेथे काळी सावली पडते. एकच ठळक सावली म्हणजे प्रायमर सुस्थितीत. खाली ओघळत गेलेला पट्टा म्हणजे तुकडे. न गोठलेले ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असते आणि हा प्रकाश डोळ्यांना इजा करतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा यांत हयगय नको.

अंशतः तुटलेल्या प्रायमरवर तातडीचे काम भागवायचे असेल, तर त्याची मात्रा ०.२ वरून ०.५ मायक्रोमोलरपर्यंत वाढवून पाहावी. अॅनीलिंगचे (प्रायमर टेम्प्लेटला चिकटण्याचे) तापमान तीन-चार अंश उतरवले तरी बँड मिळू शकतो, पण सोबत नको ते तुकडेही येतात, म्हणून असे उत्पादन सिक्वेन्सिंगला पाठवू नये. इथेनॉलने पुन्हा अवक्षेपित करून प्रायमर ‘स्वच्छ’ करण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. एवढ्या लहान साखळ्या त्यात बऱ्याच वाया जातात आणि तुटलेले काही जुळत नाही.

शेवटी मागवावेच लागले, तर जो प्रायमर खराब ठरला तेवढाच, लहान प्रमाणात आणि साध्या डीसॉल्टिंगचा (फक्त क्षार काढलेला) मागवावा. या कामाला एचपीएलसी शुद्धीकरणाचा खर्च करण्याचे कारण नाही. नळी उघडण्याआधी स्पिन करावी, नाहीतर झाकणाला चिकटलेली भुकटी उडून जाते. लेबलवरील नॅनोमोलच्या दहापट मायक्रोलिटर टीई घातला की १०० मायक्रोमोलर साठा होतो, उदाहरणार्थ २४.६ नॅनोमोलला २४६ मायक्रोलिटर. त्याचे लगेच छोटे ॲलिक्वॉट (वाटे) करून तारीख लिहावी. आपला फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती प्रकारचा असेल, तर नळ्या थर्माकोलच्या डब्यात जेलपॅकांच्या मध्ये ठेवाव्यात, आणि महिनाभर पुरेल एवढे वापरातले द्रावण खालच्या कप्प्यात ४ अंशांवर ठेवावे, म्हणजे ते रोज गोठवून वितळवावे लागणार नाही.