दोन मडकी, एक मीटर आणि जमिनीखाली वाहणारे पाणी

प्रश्न : आमची 350 फुटांची बोअर कोरडी गेली. त्यानंतर एका गृहस्थांनी, जमिनीत वीज न सोडता केवळ तेथील नैसर्गिक विजेच्या मोजणीवरून पाण्याची जागा दाखवतो, असे सांगितले. याला शास्त्रीय आधार आहे का? ही मोजणी आम्हाला घरच्या मल्टिमीटरवर करता येईल का?
– एक वाचक, मोहोळ तालुका, जि. सोलापूर

उत्तर : आधार आहे, पण तो मर्यादित आहे. ओल्या मातीच्या कणांवर सहसा ऋण भार असतो आणि त्यांना लागून असलेल्या पाण्यात धन भार अधिक असतो. पाणी वाहू लागले की ते हा धन भार सोबत ओढून नेते आणि त्यामुळे पृष्ठभागावरील दोन ठिकाणांच्या विभवात (विजेच्या दाबात) काही मिलिव्होल्टांचा, कधी काही दहा मिलिव्होल्टांचा फरक पडतो. पाणी मुरते तेथे विभव साधारणतः कमी आणि पाणी वर येते तेथे जास्त आढळतो. म्हणजे ही खूण वाहत्या पाण्याची आहे, साठलेल्या पाण्याची नव्हे. “280 फुटांवर दोन इंच पाणी” असे एवढ्याच मोजणीवरून कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यात आणि तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्यात मला फारसा फरक दिसत नाही.

मुळात ही पद्धत पाण्यासाठी नव्हतीच. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट फॉक्स यांनी 1830 मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत अशी मोजणी केली होती. धातूच्या खनिजाजवळ फरक शेकडो मिलिव्होल्टांचा असू शकतो. पाण्याची खूण त्यापुढे क्षीण असते. त्यातून आपल्याकडे काळ्या जमिनीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचे थर असल्यामुळे खोलवरच्या एखाद्या अरुंद भेगेतील पाण्याची चाहूल वरपर्यंत क्वचितच पोहोचते. पाणी खारवट असेल, तर ती आणखी मंदावते.

घरी मोजणी जरूर करावी, मात्र लोखंडी खिळे ठोकून नव्हे, कारण धातू आणि ओली माती यांचीच एक बॅटरी तयार होते. कच्च्या भाजणीची दोन सारखी छोटी मडकी घ्यावीत, त्यांत मोरचुदाचे इतके दाट द्रावण भरावे की तळाशी खडे न विरघळता राहतील, आणि प्रत्येकात तांब्याची जाड तार सोडावी. (मोरचूद विषारी आहे, गुरांपासून दूर ठेवावे.) प्रथम दोन्ही तारा मीटरला जोडून मडकी एकाच ओल्या खड्ड्यात शेजारी ठेवून पाहावीत, फरक एक-दोन मिलिव्होल्टांहून अधिक आला, तर पुढे जाऊ नये. नंतर एक मडके जागीच ठेवून दुसरे दर दहा मीटरवर वीतभर खड्ड्यात बसवत न्यावे. मीटरचा अंतर्गत रोध किमान 10 मेगाओम हवा. डीपी, मोटारीचे अर्थिंग, लोखंडी पाइपलाइन आणि बोअरचे केसिंग यांच्याजवळचे आकडे विश्वसनीय नसतात. सुरुवातीच्या जागी परत येऊन तोच आकडा मिळतो का, हेही तपासावे.

नव्या बोअरची जागा ठरवताना जमिनीत वीज सोडून केलेली रोधमापन चाचणी आणि शेजारच्या विहिरींची पातळी यांवरच भर द्यावा. आपल्या मडक्यांचा खरा उपयोग पाझर तलावाच्या बांधाखाली आहे: तलाव भरलेला असताना एकदा आणि आटल्यावर पुन्हा, त्याच खुणांवर मोजणी केल्यास पाणी बांधाच्या कोणत्या भागातून झिरपते, याचा अंदाज दोन्ही आकड्यांतील फरकावरून येऊ शकतो.