आईसाठी मनगटाचा पट्टा घेताय? आधी त्याचा कोन बघा

तुमच्या आईंना कार्पल टनेल, म्हणजे मनगटातली नस दबण्याचा त्रास, सांगितलाय, रात्री हात बधिर होऊन जाग येते, दुकानदारानं दहा प्रकारचे पट्टे दाखवले, त्यातला कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्याची, दांडिया बाजारात घरून पोळ्या करून देते. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात असाच झाला होता.

पहिला पट्टा मी चुकीचा घेतला. दुकानदार म्हणाला, "बेन, आ ज बधां लई जाय छे," म्हणजे ताई, सगळे हाच नेतात, आणि मी अंगठ्यात अडकवायचा इलॅस्टिकचा पट्टा घेऊन आले. आवळून बांधला, तोच घालून पोळ्या लाटल्या, तर मुंग्या उलट वाढल्या. नंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी कारण समजावलं. मनगटात हाडं आणि वरचा जाड पडदा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे नऊ दोर आणि मीडियन नस जाते. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की आतला दाब वाढतो, आणि झोपेत आपण हात मुडपून उशीखाली घेतोच. म्हणजे पट्ट्याचं काम मनगट आवळायचं नाही, रात्री ते सरळ ठेवायचं आहे.

म्हणून तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असलेला स्प्लिंट घ्या. त्यातही एक गोम आहे. तयार मिळणारे बरेच स्प्लिंट हात थोडा मागे वाकलेला ठेवतात. माझाही तसाच होता. आतली ॲल्युमिनियमची पट्टी बाहेर काढून मी ती सरळ करून घेतली, आणि फरक तिथून पडला. आईंना स्प्लिंट घालून हात टेबलावर आडवा, करंगळीच्या कडेवर ठेवायला सांगा. हाताची पाठ आणि कोपरापासूनचा भाग एका रेषेत दिसायला हवा. पट्टा तळहातावरच्या बोटांजवळच्या आडव्या घडीच्या आधीच संपावा, म्हणजे बोटं पूर्ण मिटतात. वेल्क्रो इतकंच ओढा की खाली एक बोट सरकेल. डावा-उजवा वेगळा असतो, मनगटाचा घेर टेपनं मोजूनच जा. आपल्याकडच्या मे महिन्यात जाड रबरी कापडाखाली घामोळं येतं. आत पातळ सुती मोजा कापून घातला की सुसह्य होतं.

किमान सहा आठवडे रोज रात्री घालू द्या, मगच उपयोग होतोय की नाही ते ठरवा. दिवसा काम करताना मी काढूनच ठेवते.

मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात आहेत ना, हे विचारा. फक्त करंगळीत असतील तर नस दुसरी असते. बटण लावता येत नसेल, वाटी हातातून निसटत असेल, अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसत असेल किंवा बधिरपणा दिवसभर राहत असेल, तर पट्ट्यावर वेळ घालवू नका. डॉक्टरांना विचारून एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणारी तपासणी, करून घ्या. साखर आणि थायरॉइडही बघून घ्या, या दोन्हींमुळे हे दुखणं होऊ शकतं.

पहिल्या रात्री आई कंटाळून पट्टा काढून टाकतील, मीही टाकला होता. दोन-तीन दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना तासभर घालू द्या, मग झोपेत त्रास वाटत नाही.