‘जरी-तरी’चं इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळा मराठी माध्यमाची, आता बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट रिपोर्ट आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवू का? (ऐरोली)

मुद्दे मराठीत मांडा, वाक्यं मात्र थेट इंग्रजीत लिहा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याजवळ लागतं. अख्खा परिच्छेद मराठीतून उतरवताना कर्ता आणि क्रियापदामध्ये दोन ओळींचं सामान येऊन बसतं. शिवाय आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतोच, म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येतो. दोहोंपैकी एकच ठेवा. ‘विषयाबद्दल चर्चा’ डोक्यात असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं. तिथे ‘अबाउट’ नको.

प्रश्न : ‘अ’ आणि ‘द’ यांच्या चुका काही केल्या जात नाहीत. गाईड पानापानावर लाल गोल करतात. (वाशी)

मराठीत ही उपपदं नाहीत, त्यामुळे ती गळली तरी कानाला खटकत नाही. कानावर विसंबू नका, प्रत्येक नामाला दोन प्रश्न विचारा : हे मोजता येतं का? नेमकं कोणतं, ते वाचकाला आधीच कळलंय का?

समजा, ठाणे खाडीच्या पाण्यावर काम आहे. ‘वी कलेक्टेड अ सॅम्पल फ्रॉम ठाणे क्रीक. द सॅम्पल वॉज फिल्टर्ड.’ पहिल्या वाक्यात नमुना वाचकाला नवा, म्हणून ‘अ’. दुसऱ्यात तोच नमुना, म्हणून ‘द’. नुसतं ‘सॅम्पल वॉज फिल्टर्ड’ चालत नाही. मोजता येणाऱ्या एकवचनी नामाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘अवर’ असं काहीतरी हवंच. ‘ठाणे क्रीक’ हे विशेषनाम, म्हणून त्याला काही लावलेलं नाही. पुढच्या वाक्यात नुसतं ‘क्रीक’ आलं, तर ‘द क्रीक’. ‘रीसर्च’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ इंग्रजीत मोजत नाहीत, तेव्हा ‘रीसर्चेस’ लिहू नका.

शेवटचा एक हात फक्त नामांवरून फिरवा. एका बैठकीत दोनच पानं घ्या, त्याहून जास्त घेतली की नजर सरावते.

प्रश्न : पुस्तकातलं शब्द बदलून लिहिलं, तरी नक्कल तपासणारं सॉफ्टवेअर मुळाशी साम्य दाखवतं. किती टक्के चालतं? (कळवा, एम.ए.)

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त प्रत द्यावी लागते. पण आकड्याच्या मागे लागू नका. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून शब्द तेवढे बदलणं, ही खरी अडचण आहे, आणि नऊ टक्क्यांतही ती चूकच.

इथे तुमची मराठी कामी येते. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, दहा मिनिटं थांबा. लेखकाचं म्हणणं मैत्रिणीला सांगावं तसं मोठ्याने मराठीत सांगा. सांगता आलं नाही, तर ते अजून समजलेलं नाही; परत वाचा. सांगता आलं, की पुस्तक न उघडता इंग्रजीत लिहा आणि लेखकाचं नाव, वर्ष तिथल्या तिथे टाका. मग मुळाशी ताडून अर्थ सरकला नाही ना, ते पाहा. मराठीतून जाताना मूळ इंग्रजी वाक्याचा साचा मोडतो.

प्रश्न : लेखनाचा कोर्स लावायचाय. काय पाहून ठरवू? (नेरुळ)

तुमच्याच विषयातला मजकूर घेतात का आणि त्याचे निदान दोन खर्डे तपासून देतात का, एवढं विचारा. नुसत्या व्याकरणाच्या वर्कशीट देणारा कोर्स यासाठी घेऊ नका.