सॅमनला वाट मिळाली, आमच्या झिंग्यांचं काय?

प्रश्न : माझं माहेर पवनीजवळचं. बाबा ढिवर, वैनगंगेत जाळं टाकत आयुष्य गेलं. धरण झालं आणि झिंगे गेले, असं ते म्हणतात. अमेरिकेत सॅमन माशासाठी वीजधरणं पाडली म्हणे. मग गोसेखुर्द का पाडू नये?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, बाबा खरं सांगतात. अंडी पोटाखाली घेऊन झिंग्याची मादी पार गोदावरीच्या मुखाकडच्या मचूळ पाण्याकडे उतरते, आणि पिल्लं तिथून प्रवाहाविरुद्ध चढत येतात. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत असताना एका बंधाऱ्यावर मी रात्री बॅटरी मारून पाहिलं होतं. भिंतीवरून पाणी झिरपत होतं, तेवढ्याच ओल्या पट्ट्यातून बोटभर झिंगे एकामागे एक वर चढत होते. सकाळी ऊन आलं, भिंत वाळली, आणि ते तिथंच चिकटून मेले. आमच्या नकाशात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत पाडली. त्याच ऑक्टोबरात सॅमन ओरेगॉनमधल्या उपनदीत पोचले, १९१२ नंतर पहिल्यांदा. युरोक आणि कारुक आदिवासी त्यासाठी वर्षानुवर्षं लढले. पण ती धरणं फक्त वीज देत होती, शेतीला पाणी नाही. धरणं चालू ठेवण्याच्या नव्या परवान्यासाठी माशांचे मार्ग बांधण्यापेक्षा पाडणं स्वस्त पडत होतं. तिथल्याच स्नेक नदीवरच्या चार धरणांचा वाद मात्र अजून मिटलेला नाही, कारण तिथं विजेसोबत गव्हाची जलवाहतूकही आहे. त्या धरणांना माशांच्या पायऱ्या आहेत, मोठे मासे चढतातही, पण समुद्राकडे निघालेली पिल्लं साचलेल्या कोमट पाण्यात आणि टर्बाइनमध्ये मरतात.

गोसेखुर्द शेतीसाठी बांधलंय. पायाभरणी १९८८ ची, गावं उठली, त्या पाण्यावर आता धान उभा आहे. ते पाडा, असं मी म्हणणार नाही. आणि पाडलं तरी झिंग्याला खाली गोदावरीवरचं मेडिगड्डा धरण आडवं येतं, मुखाशी धवळेश्वरमचा बंधारा. वाट द्यायची तर सगळीकडे द्यावी लागेल, चढायची आणि उतरायचीही. हे काम व्हायलाच हवं, आणि ढिवरांना विचारूनच व्हायला हवं.

बाबांना विचारा, झिंगे कोणत्या नक्षत्रात चढायचे, कोणत्या काठानं, केवढे असायचे. ते म्हणतील तसं उतरवून मला पाठवा.