मोठे इंजेक्टर लावले की डिझेल पंप लवकर झिजतो का?

तुम्ही विचारलंय की ट्रकला ३० टक्के जास्त फ्लोचे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बसवायचेत, पण मेकॅनिक म्हणतो वर्षभरात पंप जाईल, तर हे खरं का. पंप कोणत्या प्रकारचा आहे हे तुम्ही लिहिलं नाही, आणि उत्तर सगळं त्यावरच आहे.

जुना इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर म्हणजे दट्ट्या, सगळे एका रांगेत) असेल तर किती डिझेल जायचं हे पंपच ठरवतो. रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी, जिथे असेल तेवढाच माल प्लंजर ढकलतो, पुढे नोझल (इंजेक्टरचं भोकं असलेलं टोक) कुठलंही असो. भोकं मोठी केली की तेवढंच डिझेल कमी अडथळ्यातून जातं, लाइनमधलं कमाल प्रेशर उतरतं, आणि प्लंजरला ढकलणाऱ्या कॅम-रोलरवरचा भार वाढण्याऐवजी थोडा हलका होतो. बिघडतो तो फवारा. थेंब जाड पडतात, धूर वाढतो. मग पॉवर हवी म्हणून लोक पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात, वर नोझलचं ओपनिंग प्रेशरही (ज्या दाबाला ते उघडतं तो) चढवतात. पंपावर खरा ताण येतो तो इथून, आणि नाव मात्र इंजेक्टरचं होतं.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे पंप एका सामाईक नळीत (रेल) दाबाखाली डिझेल भरून ठेवतो त्या पद्धतीत, गणित उलटं आहे. तिथे डिझेल मोजतो इंजेक्टर: रेलमधलं प्रेशर किती आणि तो किती वेळ उघडा राहिला, यावर. भोकाचा व्यास १० टक्के वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, म्हणजे त्याच वेळात तेवढं जास्त डिझेल बाहेर. ते भरून काढायचं काम पंपाचं. फुल लोडवर पंपात डिझेल सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, पंप त्याच्या मर्यादेला टेकतो आणि तरीही रेल प्रेशर पडतं. स्कॅनरवर मागितलेलं प्रेशर १६०० बार आणि प्रत्यक्षातलं १४५० दिसत असेल, तर पंप पुरा पडत नाहीये. अशा वेळी ट्यूनिंगमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) प्रेशर आणखी वर मागणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. ट्यूनर समजूतदार असेल तर उघडण्याचा वेळ कमी करून रेल प्रेशर कंपनीच्या मर्यादेतच ठेवतो. तसं केलं तर मोठ्या इंजेक्टरवरही पंप सुखाने चालतो.

आता झिजेबद्दल, कारण इथेच लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात. बऱ्याच इनलाइन पंपांत कॅमशाफ्टला इंजिन ऑइल मिळतं. रोटरी पंपांना आणि बॉशच्या सीपी३, सीपी४ सारख्या कॉमन रेल पंपांना ती सोय नाही, त्यांचं वंगण म्हणजे त्यांच्यातून वाहणारं डिझेलच. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट अवघी २-३ मायक्रॉनची. डिझेल कमी पोचलं, त्यात हवा आली, ते तापून पातळ झालं किंवा त्यात पाणी-कचरा आला, की धातूला धातू लागतो. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो, म्हणून रिफायनरीत अ‍ॅडिटिव्ह घालतात. युरोपच्या ईएन ५९० मानकात तर वंगण-चाचणीतल्या घर्षणखुणेची मर्यादाच आहे, ४६० मायक्रॉन. भेसळीचं किंवा रॉकेल मिसळलेलं डिझेल या पंपांना का मारतं, ते यावरून कळेल.

सीपी४ असेल तर जास्तच जपा. त्यात कॅमवर रोलर फिरतो, आणि रोलर धरून ठेवणारा टॅपेट जागेवर तिरका झाला तर कॅम खरवडला जातो. तो भुगा रेल, इंजेक्टर, रिटर्न (परतीची नळी), टाकी सगळीकडे जातो आणि नुसता पंप बदलून भागत नाही.

म्हणून इंजेक्टरच्या आधी फीड, म्हणजे टाकीतून पंपाला पोचणारं डिझेल, बघा. फिल्टरनंतर, पंपाच्या आधी टी-जोड देऊन प्रेशर गेज बसवा आणि लोड घेऊन चढावर चालवा. सपाटीवर काटा ठीकच दाखवतो, चढावर फुल थ्रॉटलला तो खाली येत असेल तर मोठे इंजेक्टर लावल्यावर पंप उपाशी राहणार. आधी लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढून देणारा) आणि फिल्टर मोठे करा, मग इंजेक्टर.

कॉमन रेल असेल तर रिटर्नही मोजा. प्रत्येक इंजेक्टरच्या लीक-ऑफला (जिथून उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) सारखी बाटली लावा आणि इंजिन ठराविक वेळ आयडलला चालवा. एखादी बाटली बाकीच्यांच्या मानाने फारच भरली, तर तो इंजेक्टर प्रेशर गळवतोय आणि ते भरून काढायला पंप उगाच राबतोय. नवीन म्हणून घेतलेल्या मोठ्या इंजेक्टरांतही हे निघतं, त्यामुळे टेस्ट बेंचचा रिपोर्ट घेतल्याशिवाय ते बसवू नका. जुना फिल्टरही फेकू नका. कापून कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर उजेडात पसरा. चकाकणारे कण दिसले तर पंप आधीच झिजतोय, अशा पंपावर मोठे इंजेक्टर चढवणं म्हणजे नवे इंजेक्टरही त्याच भुग्यात घालणं.

पंपाचा प्रकार, चढावरचं फीड प्रेशर, आणि कॉमन रेल असेल तर फुल लोडवरचं मागितलेलं व प्रत्यक्ष रेल प्रेशर, एवढं लिहा. ३० टक्के झेपतील की कमीवर थांबावं, ते त्यावरून सांगतो.